सीमाभागाचा माळ आणि निवृत्तीनंतरचा कॅमेरा

सोलापूरहून हैदराबादला जाणारा महामार्ग उमरगा ओलांडून कर्नाटकात शिरतो आणि बसवकल्याण, हुमनाबाद मागे टाकत तेलंगणात उतरतो. या टापूत गाडी बाजूला घेऊन कुणी कॅमेरा काढलेला क्वचितच दिसतो. दोन्ही बाजूंना तुरीची रानं, मधूनच उघडा माळ, बाभळी, लांबवर एखादा तांडा. ताडोबा किंवा कबिनी करून आलेल्या माणसाला इथं फोटो काढण्याजोगं काही वाटत नाही. माझं मत अगदी उलट आहे. साठी उलटल्यावर वन्यजीवांच्या फोटोग्राफीचा छंद लावून घ्यायचा असेल, तर बिदर आणि कलबुर्गी हे दोन जिल्हे आणि त्यांना लागून असलेला लातूर, धाराशिव, सोलापूरचा पट्टा यांच्यासारखी सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

व्याघ्रप्रकल्पात फोटो मिळणं बरंचसं सफारीच्या वेळेवर, जीपवर आणि नशिबावर असतं. वर्षातून एकदा खर्च करून जायचं, चार फेऱ्या मारायच्या, मिळेल ते घेऊन परतायचं. माळावर तसं नाही. इथला मुख्य प्राणी, काळवीट, दिवसाढवळ्या उघड्यावर चरतो, पक्षी तारांवर आणि बांधांवर बसलेले असतात. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद, उदगीर, निलंगा यांपैकी कुठंही घर असलं तरी पहाटे निघून न्याहारीला परत येता येतं. निवृत्त माणसाकडे मोठी गोष्ट असते ती एकाच जागी पुन:पुन्हा जाण्याची मोकळीक. नोकरीतल्या माणसाला ती मिळत नाही. आणि माळ आपलं खरं रूप एका भेटीत दाखवत नाही.

या भागाकडे अभ्यासकांची नजर पूर्वीच गेली होती. 1948 पर्यंत बिदर आणि गुलबर्गा (आजचं कलबुर्गी) निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानातल्या पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी सलीम अलींनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला केली आणि तिचे निष्कर्ष मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात क्रमाने छापले गेले. त्या काळी पक्ष्याची पक्की नोंद म्हणजे बंदुकीनं टिपलेला, पेंढा भरून ठेवलेला नमुना. आज तेच काम निवृत्त शिक्षकाच्या हातातला कॅमेरा करू शकतो, आणि पक्षी उडून जातो.

कॅमेऱ्याची परंपराही कर्नाटकात आहे, आणि तिचं एक टोक मराठी घराण्यात आहे. बळ्ळारी जिल्ह्यातल्या संडूर संस्थानचे मुरारराव यशवंतराव घोरपडे कर्नाटकाचे अर्थमंत्री होते, आणि देशातल्या आघाडीच्या वन्यजीव छायाचित्रकारांत त्यांची गणना होई. ‘सनलाइट अँड शॅडोज’ हे त्यांचं पुस्तक 1983 मध्ये लंडनहून निघालं. निवृत्तीचं उदाहरण हवं असेल तर सोलापूरचे मारुती चितमपल्ली आहेत. वनखात्यातून 1990 मध्ये निवृत्त झाल्यावर जवळजवळ साडेतीन दशकं, 2025 मध्ये जाईपर्यंत, ते लिहिण्यावाचण्यात बुडालेले होते. त्यांचं हत्यार लेखणी होती; पण त्यांचा ‘पक्षिकोश’ कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाच्या हाताशी असावा.

आधी जमीन समजून घेतली तर भूदृश्यांचे फोटो आपोआप सुधारतात. उत्तरेला बिदर शहर जांभ्या दगडाच्या पठाराच्या काठावर बसलेलं आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे 2300 फुटांवर. किल्ल्याचा खंदक याच लाल दगडात खोदलेला. तटावर उभं राहिलं की खाली उत्तरेकडे मैदान पसरलेलं दिसतं. जरा बाहेर पडलं की काळी माती आणि काळा कातळ सुरू होतो. आणि दक्षिणेला कलबुर्गी जिल्ह्यात शहाबाद, सेडम, चित्तापूरकडे उतरलं की जमिनीखालून फिकट चुनखडी वर येते. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत पायाखाली असलेली शहाबादी फरशी इथलीच. कागिणा नदीकाठी हे थर एकावर एक रचलेले उघडे दिसतात. एका दिवसाच्या प्रवासात लाल, काळी आणि राखी अशी तीन रंगांची जमीन कॅमेऱ्यात येते. पाण्याच्या वाटाही वेगळ्या आहेत: बिदरचं बहुतेक पाणी मांजरेतून गोदावरीला जातं, कलबुर्गीचं भीमेतून कृष्णेला.

बिदरच्या पूर्वेला अष्टूरला बहमनी सुलतानांच्या कबरींची रांग आहे. हुमायूनशहाच्या कबरीचा घुमट वीज पडून उभा फाटला आणि अर्धाच उरला. भिंतीची जाडी आणि घुमटाची आतली बाजू कापून दाखवावी तशी दिसते. आजूबाजूला शेती आहे. तिरप्या उन्हात ज्वारीच्या रानामागून ही रांग लांब लेन्सनं टिपली तर घुमट एकमेकांजवळ सरकतात आणि पिकाची ओळ पुढे येते. रुंद लेन्सनं हेच चित्र विस्कळीत होतं, सगळं बारीक आणि दूर दिसतं. सपाट मुलखात झूम लेन्स भूदृश्यासाठीही वापरावी, हे या भागात लवकर उमगतं. किल्ला आणि कबरी पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत. तिथं ट्रायपॉड लावायला परवानगी लागते.

आता काळवीट. बिदरजवळचं होन्निकेरीचं राखीव वन आणि विलासपूर तलावाचा परिसर त्याच्यासाठी ओळखला जातो. कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेसनं तिथल्या विश्रामधामाला नावच ‘ब्लॅकबक’ दिलं आहे. पण कळप राखीव वनात बसून राहत नाहीत. औराद, भालकीच्या शिवारांत, तुरीच्या आणि हरभऱ्याच्या रानांत ते रोजचे आहेत. गावात त्यांना हरणंच म्हणतात. मादी आणि पिल्लं फिकट तपकिरी, पोट पांढरं. नर दोन-तीन वर्षांचा झाला की पाठ गडद होऊ लागते आणि पिळाची शिंगं वाढत जातात. मोठ्या नराची दोन फुटांच्याही वर जातात. पावसाळा सरताना नराचा रंग सर्वांत काळा असतो, उन्हाळ्यात त्यावर तपकिरी झाक येते. म्हणून कॅलेंडरावर छापतात तसा काळाभोर नर हवा असेल तर मे महिन्यात धडपडू नये; दसऱ्यानंतर जावं.

लांबून बघताना कळप नुसता चरताना दिसतो. तासभर थांबलं की त्यातली व्यवस्था कळते. एखादा नर कळपापासून वेगळा, माळाच्या एकाच तुकड्यावर उभा असतो. तो तुकडा त्याचा. त्याच त्या जागी लेंड्या टाकून त्यानं ढीग केलेला असतो, आणि तो अधूनमधून तिथं परततो. डोळ्यापुढच्या ग्रंथीतला स्राव तो वाळक्या काडीला किंवा झुडपाच्या टोकाला घासतो; त्या वेळी मान तिरपी होते आणि डोळ्यापुढची काळी खाच उघडलेली दिसते. माद्या त्याच्या हद्दीत शिरल्या की तो नाक आभाळाकडे करतो, शिंगं मानेवर टेकवतो, शेपूट वर वळवतो आणि ताठ पावलं टाकत त्यांच्याकडे चालू लागतो. फोटो तिथं असतो. शेजारचा नर हद्दीवर आला तर दोघं आधी बाजूबाजूनं समांतर चालतात, एकमेकांना अंगलट दाखवतात. टक्कर नंतर होते, अनेकदा होतही नाही. ही क्रमवारी ओळखीची झाली की बोट बटणावर वेळेत जातं. घाबरला की कळप पळण्याआधी सरळ वर उड्या घेतो, एकीनं घेतली की मागून दुसरी. त्या उड्यांसाठी शटर सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून कमी वेळच उघडं राहायला हवं. पळणाऱ्या काळवीटाचा वेग ताशी 80 किलोमीटरपर्यंत जातो. पण तो पळावा म्हणून त्याच्यामागे गाडी घालणं हा गुन्हाच आहे. कायद्यानं आणि माझ्या लेखीही. दमछाक झालेलं जनावर मरूही शकतं, आणि गवतात निपचित पडून राहिलेलं पिल्लू आईपासून तुटतं.

पायी माणूस दिसला की काळवीट फार लांबूनच सरकू लागतं. बैलगाडी, ट्रॅक्टर, मोटारसायकल यांची त्याला सवय असते. त्यामुळे गाडी हीच इथली लपणाची जागा. बांधाच्या कडेनं हळू जायचं, इंजिन बंद करायचं, खाली उतरायचं नाही. खिडकीच्या काचेवर बीन बॅग ठेवून त्यावर लेन्स टेकवायची. ही पिशवी विकतची लागत नाही. जाड कापडाची शिवून घ्यावी आणि ज्वारी किंवा हरभरा भरावा. थंडीत एक काळजी घ्यावी. गाडीत आतली हवा गरम असेल आणि काच तेवढी खाली केली, तर दोन हवांच्या भेटीनं चित्र थरथरतं. सगळ्या काचा आधीच उघडून गाडी बाहेरइतकी थंड होऊ द्यायची.

ही थरथर माळावरचा सर्वांत मोठा शत्रू आहे. नऊ-साडेनऊनंतर जमीन तापते आणि दूरच्या कळपाचे पाय पाण्यात बुडाल्यासारखे हलू लागतात. लोक लेन्सला दोष देतात, नवी महाग लेन्स घेतात, आणि फोटो तसाच येतो. दोष मधल्या हवेत असतो. उपाय दोनच: अंतर कमी करा, किंवा लवकर जा. जानेवारीत बिदरला सूर्य सातच्या थोडा आधी उगवतो; त्यानंतरचे दोन तास कामाचे. उजेडाचा आणखी एक पेच या प्राण्यात आहे. पाठ काळी, पोट पांढरंशुभ्र. चौकटीत काळा नर मोठा आला की कॅमेरा सगळंच उजळ करतो आणि पोटाचा पांढरा भाग करपतो. एक्स्पोजर अर्ध्या-पाऊण स्टॉपनं खाली ओढलं की पांढऱ्यातले केस दिसतात, काळ्यातले नंतर संगणकावर काढता येतात.

यंत्र कोणतं घ्यावं, हा प्रश्न निवृत्त माणूस पहिला विचारतो. 150 ते 600 मिलिमीटरची झूम लेन्स दोनेक किलोची असते, वर कॅमेऱ्याचं वजन. खांदा आणि मनगट धड असेल तर तिला तोड नाही. नसेल तर निकॉनचा पी-900, पी-1000 किंवा सोनीचा आरएक्स-10 यांसारखा लेन्स न बदलणारा कॅमेरा पुरेसा आहे. पी-900 एक किलोच्या आत आहे. पहाटेच्या अंधुक उजेडात छोट्या सेन्सरचा फोटो दाणेदार येतो, ही तडजोड मान्य करावी लागते. मात्र वजनामुळे घरीच राहिलेल्या उत्तम कॅमेऱ्यापेक्षा सोबत आलेला साधा कॅमेरा कधीही चांगला. आणि चष्मेवाल्यांसाठी: व्ह्यूफाइंडरजवळ एक बारीक चाक असतं. ते फिरवून आपल्या नंबरप्रमाणे आतलं दृश्य स्पष्ट करता येतं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नंबर बदलतो, तेव्हा हे चाक पुन्हा लावायला हवं. कित्येक जण कॅमेरा फोकस करत नाही म्हणून दुकानात घेऊन जातात आणि दोष त्या चाकापुरता असतो.

पक्ष्यांचं वर्ष पावसाबरोबर सुरू होतं. जूनच्या पहिल्या सरींनंतर चंडोल गाऊ लागतात. डोंबारी चंडोलाचा नर सरळ वर चढतो आणि शीळ घालत पायरीपायरीनं खाली सूर मारतो. त्याची वाट ठरलेली असते, म्हणून तो खाली येण्याच्या जागी आधीच फोकस धरून बसावं. त्याचं घरटं जमिनीवर, ढेकळाच्या किंवा खुराच्या ठशाच्या आडोशाला असतं. माळावर पाऊल बघून टाकायचं ते यासाठी, आणि फुरसं नि घोणस यांच्यासाठीही. ऑक्टोबरात भोवत्ये येतात. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून आलेले हे शिकारी पक्षी पंख इंग्रजी व्हीसारखे उचलून पिकावरून अगदी खालून तरंगत जातात, नाकतोडे आणि उंदीर हेरतात आणि रात्री उंच गवतात जमिनीवरच एकत्र मुक्काम करतात. त्यांचा पाठलाग व्यर्थ. बांधाच्या टोकाशी गाडी लावून बसावं. पक्षी त्याच ओळीनं परत येण्याची शक्यता मोठी असते. ज्वारी दाण्यात आली की भोरड्यांचे थवे उतरतात. संध्याकाळी त्यांचे हजारोंचे लोट आभाळात वळतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलला की त्याच गुलाबी-काळ्या भोरड्या केशरी फुलांवर चोची घालताना मिळतात. कारंजा धरणाचा फुगवटा आणि भीमेचे काठ हिवाळी बदकांसाठी. तिथं मात्र मोठी झूम हवीच.

गर्द झाडीचा बदल हवा असेल तर चिंचोळी अभयारण्य आहे. कलबुर्गी जिल्ह्याच्या पूर्व कडेला तेलंगणाला लागून हे 134.88 चौरस किलोमीटरचं शुष्क पानझडी जंगल 2011 मध्ये अभयारण्य जाहीर झालं. चंद्रमपल्लीचा जलाशय त्यातच आहे आणि परिसरात लंबाणी तांडे आहेत. अभयारण्यात शिरायला वनखात्याची परवानगी लागते; 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 28 व्या कलमात फोटोग्राफी हे परवानगीचं स्वतंत्र कारण म्हणून लिहिलेलं आहे. त्याच कायद्यात शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी आणि घरटी विस्कटणंही येतं. फोटोसाठी घरट्यावरची फांदी वाकवणारा माणूस या व्याख्येत बसतो, हे प्रत्येकानं लक्षात ठेवावं. बिदरला हवाई दलाचा प्रशिक्षण तळ आहे. त्याच्या आसपास ड्रोन काढायचं नाही आणि त्या दिशेला लेन्सही रोखायची नाही.

लांडग्याबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. या माळांवर तो अजून आहे, खोकड आणि तरसही आहेत. धनगरांची मेंढरं आणि लांडगा यांचं वैर जुनं. बीळ सापडलं तर फोटोसोबत गावाचं नाव आणि नकाशावरची खूण समाजमाध्यमावर टाकू नये. ती खूण बघून कोण तिथं पोहोचेल हे आपल्या हातात राहत नाही.

शिवारात शिरताना मालकाला हाक द्यावी. कॅमेरावाला दिसला की शेतकऱ्याला वाटतं, जमीन मोजायला आले किंवा वनखात्याचे आले. त्याला काळवीटाचं कौतुक सांगण्याआधी त्याचं ऐकावं. कोवळा हरभरा, सोयाबीनचे शेंडे कळपानं एका रात्रीत खाल्लेले असतात, आणि नुकसानभरपाईच्या अर्जाला फोटो उपयोगी पडतात. तो फोटो आपण काढून द्यावा. उघड्या विहिरीत हरणं पडतात, तेव्हा पहिला निरोपही याच शेतकऱ्याकडून येतो. मार्गशीर्ष अमावास्येला, येळवशीला, बिदरपासून लातूरपर्यंत सगळी गावं रानात जेवायला येतात. आंबील आणि भज्जीचं आमंत्रण मिळतंच. त्या दिवशी कॅमेरा माणसांकडे वळवावा.

या सगळ्या खटाटोपाला छंदापलीकडे मोल आहे असं मी म्हणतो, त्याला आधार आहे. सरकारी नकाशांत असा माळ बहुतेकदा पडीक जमीन म्हणून रंगवला जातो, आणि पडीक म्हटलं की तिथं निलगिरी लावता येते, मुरूम काढता येतो, प्लॉट पाडता येतात. उघडं, आखूड गवत हेच काळवीटाचं आणि चंडोलाचं घर. दाट झाडं लावली की ते निघून जातात. 2023 च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात 942 जातींचा आढावा घेतला गेला आणि त्यात माळ-गवताळ भागातले पक्षी झपाट्यानं घटताना दिसले. कर्नाटकाचा राज्यपक्षी नीळकंठ, जो इथं तारेवर बसलेला सहज दिसतो असं आपण मानतो, त्याची घट इतकी आहे की जागतिक धोक्याच्या यादीत त्याचं पुन्हा मूल्यमापन व्हावं अशी शिफारस त्या अहवालानं केली. हा अहवाल 30,000 हून अधिक हौशी पक्षीनिरीक्षकांनी ई-बर्ड या संकेतस्थळावर टाकलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात मोठ्या शहरांच्या भोवतालच्या आणि प्रसिद्ध अभयारण्यांतल्या नोंदी भरपूर आहेत. औराद, कमलनगर, आळंद, अफजलपूरच्या शिवारांतून त्या वाढायला हव्यात.

कॅमेरा प्रत्येक फोटोत तारीख आणि वेळ आपोआप लिहितो. त्याला गावाचं नाव आणि पक्ष्यांची संख्या एवढं जोडलं की नोंद पुरी होते. ई-बर्डचं ॲप फुकट आहे, मोबाइलवर चालतं, आणि दर फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक पक्षीगणना होते तिच्यात कुणालाही भाग घेता येतो. तुमच्या गावच्या वेशीपासून पुढचा एक रस्ता निवडा. आठवड्यातून एकदा त्याच रस्त्यानं, त्याच वेळी जा. तारेवर नीळकंठ दिसला तर फोटो काढा आणि नोंदवा, आणि दिसला नाही तर तेही नोंदवा.